सात नंबरचं दही

आमच्या सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, चमचा असायचा. स्टीलचा, लांब दांड्याचा. त्याच्या शेजारी काडेपेटी. हॉटेलात बसलं की सर आधी काडी पेटवायचे, चमच्याचं टोक ज्योतीत धरायचे आणि काडी बोटाशी येईपर्यंत आकडे मोजायचे. मग चमचा मिसळीत. चमचा निर्जंतुक व्हायचा आणि मिसळ काळी. लोणावळ्यात स्टँडजवळच्या एका हॉटेलात एक नवा वेटर हे बघून हात जोडून उभा राहिला होता. त्याला वाटलं, सर अन्नाला ओवाळतायत.

सर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांचा प्रयोगशाळा सहायक. सहायक म्हणजे बाटल्या धुणारा, पण पाटीवर सहायक लिहिलं होतं. एकोणीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. त्यातली पहिली दोन मी बदलीचे अर्ज करण्यात घालवली आणि उरलेली, ते अर्ज मंजूर झाले नाहीत याचा आनंद मानण्यात. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पुरावा मागितला असता.

विद्यार्थ्यांना, मला आणि शिपायाला सर अरे-तुरे करायचे. जिवाणूंना मात्र अहो-जाहो. सकाळी उबवणपेटी उघडली की आतल्या काचेच्या बश्यांकडे बघून म्हणायचे, "काय मंडळी, रात्र कशी गेली?" एखाद्या बशीत काही उगवलं नसेल तर चेहरा पडायचा. "हे गृहस्थ रुसलेत. काल कोणी माध्यम केलं होतं?" माध्यम, म्हणजे बशीतलं त्यांचं खाद्य, मीच केलेलं असायचं.

दर वर्षी पहिल्या तासाला ते एक प्रयोग करायचे. सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे आणि अंगठा एका बशीवर टेकवायचा. दोन दिवसांनी बशीवर जे काही उगवेल ते त्या माणसाच्या नावासकट सूचनाफलकावर. एका वर्षी प्राचार्य वर्गाच्या दारातून जात होते, सरांनी त्यांचाही अंगठा घेतला. तिसऱ्या दिवशी फलकावर प्राचार्यांची बशी सगळ्यांत वर होती, कारण तिच्यात सगळ्यांत जास्त उगवलं होतं. तिच्यात निळं, पिवळं, केसाळ असं सगळं होतं. त्या वर्षी आमच्या विभागाला नवीन फ्रीज मिळाला नाही. मी सरांना म्हटलं, निदान नाव तरी काढायचं. सर म्हणाले, "नाव काढलं तर ती माहिती होईल. नाव ठेवलं तर तो निष्कर्ष होतो."

निष्कर्ष हा त्यांचा फार आवडता शब्द, कारण तो त्यांना दोन कामांना उपयोगी पडायचा. दुसऱ्याचं चुकलं की ती चूक. स्वतःचं चुकलं की 'निष्कर्ष वेगळा आला'. एकदा लोणावळ्याला पुण्याच्या लोकलऐवजी ते मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत चढले आणि थेट कर्जतला उतरले. संध्याकाळी परत आले ते हातात दह्याचं गाडगं घेऊन. म्हणाले, घाटाखालचा नमुना हवाच होता. मी एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे दोन शब्द ऐकले नव्हते. त्यांच्या बायकोने तर तीस वर्षांत ऐकले नव्हते, असं त्या बिचाऱ्या हयात असताना मला स्वतः म्हणाल्या होत्या.

निवृत्त झाल्यावर सर मळवलीला एका बैठ्या घरात राहायला गेले. मी कामशेतचा, त्यामुळे रविवारी माझी मोटारसायकल आणि मागे सर. त्यांनी नवीन नाद लावून घेतला होता, मावळातल्या गावागावांतून घरचं विरजण गोळा करायचा. कुठल्याही घरी जायचे, दह्याची वाटी मागायचे, खिशातला चमचा काढून भाजायचे, दही बाटलीत घ्यायचे आणि वर गावाचं नाव नि आकडा घालायचे. त्यांच्या फ्रीजमध्ये भाजी नव्हती. पवनेच्या काठची गावं होती, नाणे मावळातली गावं होती आणि एका कोपऱ्यात त्यांचं औषध होतं.

"हे सगळे दह्याचेच जिवाणू. मग इतक्या बाटल्या कशाला?" मी विचारलं.

"तांदूळ सगळा तांदूळच ना? मग इंद्रायणी वेगळा का मागतोस? वाण असतात रे, वाण. आणि एका वाणाला दुसरा वाण खपत नाही."

हे ते मला बशीवर दाखवायचे. बशीभर एका गावचा वाण दुधाळ पसरलेला. मध्ये दुसऱ्या गावच्या वाणाचा एक ठिपका. दोन दिवसांनी त्या ठिपक्याभोवती स्वच्छ गोल पडलेला असायचा, तिथे पहिल्या वाणाची वाढच नाही. सर बशी खिडकीच्या उजेडात धरून कौतुकाने बघत राहायचे. म्हणायचे, हे गृहस्थ एकटेदुकटे असतात तोवर अगदी गरीब. पण प्रत्येक जण एक रसायन सोडत असतो. ते रसायन म्हणजे हाक. भोवती ते साठलं की त्यांना कळतं, आपले बरेच जण जमलेत. मग सगळे मिळून दुसरं रसायन सोडतात आणि शेजारच्या वाणाची वाढ रोखतात. काही वाण तर त्याहून चलाख. ते समोरच्याला मारत नाहीत, त्याच्या हाकेतच बोळा घालतात. समोरच्याला आपली माणसं जमलीत हेच कळत नाही, तो गप्प बसतो.

हे ऐकून कॉलेजातले एक मराठीचे प्राध्यापक एकदा हसत म्हणाले होते, "म्हणजे सासू-सुनेसारखंच की हो!" सर तीन आठवडे त्यांच्याशी बोलले नाहीत. "जिवाणूंची बदनामी मला खपत नाही," म्हणाले.

या सगळ्या बाटल्यांत त्यांचा लाडका होता सात नंबर. कामशेतच्या एका गवळ्याकडून आणलेला वाण. बशीवर ज्याच्या शेजारी ठेवाल त्याला गप्प करायचा. मी त्याला पैलवान म्हणायचो. सर रोज सकाळी सात नंबरचंच दही खायचे, त्याच चमच्याने.

लोहगडवाडीच्या मावशींची ओळख झाली ती या नादातूनच. किल्ल्याच्या वाटेवर त्यांची टपरी होती. पिठलं-भाकरी, भजी, ताक सगळ्याच टपऱ्यांवर मिळायचं, पण मावशींकडे लोक दह्यासाठी थांबायचे. छोट्या मडक्यात लावलेलं, घट्ट, मडकं उलटं केलं तरी न पडणारं. पावसाळ्यातल्या रविवारी पुण्या-मुंबईची पोरं किल्ल्यावर न जाता मावशींच्या बाकावरूनच खाली उतरायची. विरजण त्यांच्या सासूच्या हातचं चालत आलेलं. ते त्या वाडीत कोणालाही द्यायच्या नाहीत. सख्ख्या जावेला दिलं नव्हतं. सरांना मात्र दिलं, कारण सरांनी पहिल्याच दिवशी दही चाखून सांगितलं, "मावशी, तुमच्याकडचे जिवाणू खानदानी आहेत." मावशींना यातलं खानदानी तेवढं कळलं आणि ते पुरेसं झालं.

तेव्हापासून दर रविवारी सर आत जायचे, फळीवरची विरजणाची वाटी उतरवायचे, चमचा भाजायचे आणि नमुना घ्यायचे. आषाढातल्या एका रविवारी आम्ही दोघं वाटेत चिंब भिजलो. काडेपेटीचा लगदा झाला होता. समोर चूल धडधडत होती. सर चमचा घेऊन चुलीकडे वाकले तशा मावशी ओरडल्या, "अवो सर! उष्टा चमचा चुलीत? आमच्या हितं असलं चालत न्हाई!" सर मागे झाले. चमचा त्यांनी रुमालाने पुसला, नीट, दोनदा पुसला आणि वाटीत घातला. मी बघत होतो. मलाही काही वाटलं नाही.

पुढचे दोन रविवार सरांना ताप होता. तिसऱ्या रविवारी गेलो तर मावशींच्या बाकावर चिटपाखरू नव्हतं. आत गेलो. मावशी एका भिंतीला, सून सुरेखा दुसऱ्या भिंतीला, मुलगा मध्ये जमिनीकडे बघत उभा.

"दही लागंना झालंय सर," मावशी म्हणाल्या. "पंधरा दिस झाले. दुधाचं दूध ऱ्हातंय, न्हाईतर तार सुटती. गिऱ्हाईक मडकी परत करतंय. शेजारनीचं विरजन आनून बघितलं, तर लागलं पन चव न्हाई. ही चव आता गेली. आन् कुनी घालवली ते बी मला ठावं हाय."

सुरेखा लग्न होऊन आली त्याला दीड वर्ष झालं होतं. तिने एकदा दुकानातलं पाकिटाचं दही घरात आणलं होतं आणि मावशींचं ठाम मत होतं की तिने तेच विरजणाच्या वाटीत घातलं. सुरेखाने देवावर हात ठेवून नाही म्हणून सांगितलं होतं. त्यावरून घरात पंधरा दिवस धुमसत होतं. आता गोष्ट इथवर आली होती की मावशी म्हणत होत्या, हिला माहेरी तिकोणा पेठेला नेऊन घाल, आणि मुलगा म्हणत होता, मग मीही जातो, घोरावाडीला खोली बघितलीय, तिथून कंपनी जवळ पडते.

मावशींनी वाटी सरांच्या हातात दिली. "तुमी तपासा. तुमचं मशीन खोटं बोलायचं न्हाई. पाकिटाचं हाय म्हनून सांगा, मंग ही आन् मी. न्हाई म्हनून सांगा, तर मी गप बसंन. येत्या ऐतवारी या."

सुरेखाने मान वर करून सरांकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या अजून लक्षात आहे. परीक्षेचा निकाल लागताना पोरं तसं बघतात.

आम्ही नमुना घेऊन मळवलीला आलो. मला उत्साह होता, खरं सांगायचं तर मजाच वाटत होती. बुधवारी सरांचा फोन आला, "ये." गेलो तर सर पलंगावर बसलेले आणि टेबलावर बशी. मी खिडकीशी धरली. एवढी वर्षं बश्या धुतल्यावर मलाही थोडं कळतं. मावशींच्या नमुन्याच्या ठिपक्याभोवती गोल पडला होता; त्याचा आकार, त्याची कड, ती मी शंभर वेळा पाहिली होती.

"सात नंबर," मी म्हटलं.

"सात नंबर," सर म्हणाले. "आणि मावशींचा वाण. दोघंही. एकाने दुसऱ्याला संपवलं असतं तर दही लागलं असतं, भले सात नंबरचं. हे दोघे तोडीस तोड निघाले. हा त्याच्या हाकेत बोळा घालतो, तो ह्याच्या. दोघंही गप्प, आणि मोकळ्या दुधात तिसराच कुणीतरी येऊन तार सोडतो. पाकिटाचा पत्ता नाही."

"पण सात नंबर तिथे गेला कसा?" मी विचारलं आणि विचारतानाच मला रुमाल आठवला.

मी बशी टेबलावर ठेवली. मग मीच म्हटलं, "सर, एवढंच सांगू या ना. पाकिटाचं नाही. हवेमुळे झालं असावं. पोरगी सुटली, झालं."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. ते असे काही ओरडले की बाहेर पडवीतलं मांजर पळून गेलं. "हवेमुळे! मी प्राचार्यांच्या बशीवर 'हवेमुळे' असं लिहिलं होतं का?"

ओरडले खरे, पण घाबरले होते. शनिवारी त्यांनी तीनदा फोन करून विचारलं, उद्या पाऊस जास्त असेल का, गाडीचं चाक बरं आहे ना. मी तिन्ही वेळा बरं आहे म्हटलं. त्यांना 'जमणार नाही' ऐकायचं होतं.

रविवारी सकाळी सर मावशींच्या चुलीपुढे उभे राहिले. मुलगा होता, सुरेखा होती, शेजारची टपरीवालीही कान देऊन दारात होती. सरांनी कॉलेजात उभे राहायचे तसे हात मागे बांधले.

"मावशी, तुमचं विरजण मी नासवलं. माझ्या चमच्याला माझ्या घरच्या दह्याचे जिवाणू होते. त्या दिवशी मी चमचा भाजला नाही. सुनेचा यात काडीचा संबंध नाही. माझं चुकलं."

मला भरून आलं. मी लपवत नाही, मला भरून आलं. त्या दोन शब्दांसाठी सरांच्या बायको हव्या होत्या, असं वाटलं.

मावशींनी पदर डोळ्याला लावला. "देवमानूस!" त्या म्हणाल्या. "परक्या पोरीचं पाप आपल्या डोक्यावर घेतलं! बघ गं, बघ, तुझ्यापायी येवढा शिकलेला मानूस खोटं बोलाय लागला!"

"अहो, खोटं नाही! माझ्याकडे पुरावा आहे!" सरांनी पिशवीतून बशी काढली. मावशींनी बशीला नमस्कार केला आणि परत दिली. शेजारीण म्हणाली, "लय मोठ्या मनाचा मानूस." सरांचा चेहरा लालबुंद झाला. आयुष्यात एकदा कबूल केलेली चूक कोणी घ्यायला तयार नव्हतं.

"तीन वाट्या आणा," सर गरजले. "एकीत तुमचं जुनं विरजण, एकीत माझं, एकीत दोन्ही. लावू आणि संध्याकाळी बघू."

"जुनं कुठाय आता?" मुलगा म्हणाला.

मावशींच्या वाणाची बाटली सरांच्या फ्रीजमध्ये होती, पण त्या आठवड्यात मळवलीत तीन दिवस वीज नव्हती. सगळी गावं आंबून गेली होती. रोज लागणारा सात नंबर तेवढा वाचला होता, तो डबीत घालून त्यांनी सोबत आणला होता. वाडीत तर हे विरजण दुसऱ्या कोणाकडेच नव्हतं. सरांनी खाली बाकावर बसकण मारली. मावशी सुरेखाकडे बघून म्हणाल्या, "भर बॅग."

सुरेखा जागची हलली नाही. ती इतक्या हळू बोलली की मला आधी ऐकूच आलं नाही.

"माझ्या आईकडं हाय."

"काय हाय?"

"आपलं विरजन. दिवाळीला गेलते तवा नेलतं. डबीतनं."

जावेला न दिलेलं विरजण थेट विहिणीच्या घरी पोचलं होतं.

"कवा काढलंस वाटीतनं?" मावशींनी विचारलं.

"दिवे लागल्यावर," सुरेखा म्हणाली आणि रडायला लागली. दिवेलागणीनंतर घरातून दही-दूध बाहेर द्यायचं नाही, हे मावळात लहान पोरालाही माहीत असतं. एक आळ फेडायला तिने दोन गुन्हे कबूल केले होते.

मुलगा पुढे सरकला. त्याला वाटलं, आता आई हात उगारते. मलाही तसंच वाटलं.

मावशींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "तिच्याकडं लागतंय?"

"रोज."

"घट्ट?"

"सुरीनं कापावं असं."

मावशी उठल्या. डोक्यावरून पदर घेतला, फळीवरचा रिकामा डबा काढला आणि मुलाला म्हणाल्या, "गाडी काढ." मुलाकडच्या बाईने विहिणीच्या दारात डबा घेऊन विरजण मागायला जायचं, म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. दुधिवरे खिंडीतून उतरून तिकोणा पेठेला जाऊन यायला त्यांना दोन तास लागले. तिथे काय बोलणं झालं ते त्या कधी बोलल्या नाहीत. मुलाने मला नंतर सांगितलं, विहिणीने लुगडं नेसवल्याशिवाय सोडलं नाही.

मग तीन वाट्या लागल्या. दूध सुरेखाने कोमट केलं, विरजण सरांनी घातलं, चमचा या वेळी चुलीत लाल होईपर्यंत भाजून. मावशींनी तोंड फिरवून घेतलं, पण हरकत घेतली नाही. वाट्या चुलीच्या उबेला ठेवल्या आणि सर समोर पाट घेऊन बसले. दिवसभर गिऱ्हाईक आलं नि गेलं. एका ट्रेकरने भज्यांची ताटली ठेवायला वाटी सरकवली, तर सरांनी त्याला किल्ल्यावर पाठवून दिलं.

पाच वाजता मावशींनी स्वतः वाट्या उलट्या केल्या. पहिली पडली नाही. दुसरी पडली नाही. तिसरी कलती करताच दूध काठाशी आलं. त्यांनी ती पटकन सरळ केली.

मग त्या सरांकडे वळल्या. पुढचा पाव तास मावळी भाषेचं जे दर्शन घडलं ते मी इथे लिहू शकत नाही. सरांचं शिक्षण, पेन्शन, चमचा, रुमाल, कामशेतचा गवळी, काही म्हणून सुटलं नाही. सर खाली मान घालून ऐकत होते आणि मधूनमधून "बरोबर" म्हणत होते. एवढं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं. सुनेला मात्र मावशी चकार शब्द बोलल्या नाहीत, ना वाईट ना बरा. आम्ही निघालो तेव्हा दोघी पुन्हा दोन भिंतींना होत्या. मला ते लागून राहिलं.

भाजे गावाच्या उतारावर निम्म्यात आलो असू, सरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांब. तिसऱ्या वाटीचा नमुना घ्यायचा राहिला! दोघांपैकी कोण किती वाढलंय ते मोजायला हवं. वळव."

मी कुरकुरत गाडी वळवली. वाडीत पोचलो तर टपरीची फळी लावलेली होती. दार अर्धं उघडं. सर पिशवीतून बाटली काढत पुढे झाले आणि उंबऱ्याशी थबकले. मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं.

मावशी आणि सुरेखा चुलीशी बसल्या होत्या. तिसरी वाटी दोघींच्या मध्ये होती. तिच्यात पोहे आणि गूळ घातला होता आणि दोघी त्याच एका वाटीतून खात होत्या. मावशी म्हणत होत्या, "पुढल्या टायमाला नेशील तर दिवसाउजेडी ने. आन् मला सांगून ने, मी मोठा डबा देते." सुरेखा तोंडात घास असताना हसली आणि तिला ठसका लागला. मावशींनी तिच्या पाठीवर हात फिरवला.

"सर, नमुना," मी हळूच म्हटलं. वाटीत अजून चमचाभर तरी शिल्लक होतं.

सरांनी बाटलीला बूच लावलं. "खाऊ दे त्यांना," ते म्हणाले, आणि पाय न वाजवता गाडीकडे चालू लागले.